पुतळीच्या माहेरीं

आमच्या घरीं पुतळ्यांची एक जुनी माळ आहे. ती पणजीपासून चालत आलेली असून सध्यां आमच्या मातोश्रींच्या पेटींत असते. गौरी-गणपतीला व घरांतील मंगलकार्याला तेवढी बाहेर निघते. पुतळी म्हणजे रुपयाहून लहान व पातळ असें सोन्याचें नाणें. त्यावर एक मनुष्य उभा व एक गुडघे टेकून बसलेला दिसतो. लहानपणीं आम्हां मुलांस 'हा राम आणि हा मारुती' असें सांगण्यांत येई, व तें आम्हांस पूर्णपणें पटलेलेंही होतें. पुढें वाचनांत आलें कीं, पुतळी हें मुळांत व्हेनिसचें नाणें. उभे आहेत ते त्या शहराचे रक्षक संत मार्क; गुडघे टेकून त्यांच्या हातून ध्वज घेत आहे तो तेथील प्रजासत्ताक राज्याचा अधिपति. त्यास तिकडे दोजे म्हणत.

२०२४ सालीं दिवाळी आटोपून आम्ही उभयतां म्युनिकला चिरंजिवांकडे जावयास निघालों. आमच्या विवाहास तीस वर्षें झालीं याचें निमित्त करून त्यानें आम्हां दोघांकरितां चार दिवसांचा व्हेनिसचा प्रवास आधींच ठरवून ठेविला होता. अकरा माणसांच्या घरांत ज्यांचा सारा संसार झाला त्यांना असा एकांत थोडा अवघडच वाटतो. परंतु मुलाचा उत्साह पाहून नको म्हणवेना. निघण्याच्या आदल्या दिवशीं मातोश्रींनीं माळेंतील एक पुतळी सोडवून काळ्या दोऱ्यांत ओंवली आणि सौ.च्या गळ्यांत घातली. म्हणाल्या, "सूनबाई, किती वर्षें झालीं कोण जाणे! लेकीला एकदां माहेर दाखवून आणा."

म्युनिकहून सकाळीं निघालेली आगगाडी आल्प्स पर्वत ओलांडून दुपार कलतांना समुद्रावर आली. समुद्रावर म्हणजे अक्षरशः समुद्रावर. ज्या उथळ खाऱ्या पाण्यांत हें शहर वसलें आहे त्यास कोंकणांत आपण खाजणच म्हटलें असतें. १८४६ सालीं त्यावर आगगाडीचा पूल झाला व १९३३ सालीं शेजारीं मोटारींचा. तोंपर्यंत येथें पाऊल ठेवावयास होडीवांचून गति नव्हती. आजही मोटारीची मजल शहराच्या दारापर्यंतच. स्थानकाच्या पायऱ्या उतरतांच समोर रस्त्याच्या जागीं हिरवें पाणी दिसलें, आणि बसच्या जागीं 'व्हापोरेत्तो' नांवाची बोट. भाजीची गाडी, कचऱ्याची गाडी, रुग्णवाहिका हीं सर्व येथें होड्याच. शेवटचा प्रवासही पाण्यावरूनच. कारण स्मशानभूमि सान मिकेले नांवाच्या वेगळ्या बेटावर आहे. मोटार नाहीं म्हणून कर्णा नाहीं. संध्याकाळीं गल्लींतून चालतांना आमच्याच पावलांचा आवाज आम्हांस ऐकूं येत होता, आणि तो आम्हीं कित्येक वर्षांत ऐकिला नव्हता.

उतरण्याची जागा एका जुन्या घराच्या तिसऱ्या मजल्यावर होती. तेथें स्वागतास कोणी नव्हतें. दाराशेजारीं एक लहानशी पेटी. मोबाइलवर आलेले अंक त्या पेटीवर फिरविले कीं आंत किल्ली. अशा पेट्या गल्लींतील बहुतेक दारांवर होत्या. रात्रीं खिडकी उघडून पाहिली तों कालव्यापलीकडील उंच उंच घरांत एकच दिवा. त्या दिव्याखालीं एक वृद्ध बाई टेबल पुसत होती. शेजारच्या साऱ्या खिडक्या बंद. सौ. म्हणाली, "येवढीं मोठीं घरें, आणि तिन्हीसांजेला दिवा लावायला कोणी नाहीं?"

दुसऱ्या दिवशीं सकाळीं तीच बाई पुलाशीं भेटली. चाकांची बाजाराची पिशवी पायऱ्यांवरून ओढीत होती. या शहरांत चारशेंहून अधिक पूल आहेत व बहुतेकांस पायऱ्या आहेत, हें वाचून मौज वाटते; ऐंशीच्या घरांतील माणसाला मात्र ती रोजची चढण आहे. आम्हीं पिशवी उचलून पलीकडे ठेविली. तिनें इटालियनमध्यें आशीर्वाद दिला असावा. निदान आम्हीं तो तसा घेतला.

मग शहर पाहण्यास निघालों. प्रत्येक चौकांत दगडी काठाची एक विहीर दिसे. ती झऱ्याची विहीर नव्हे. चौकांत पडलेलें पावसाचें पाणी वाळूंतून गाळून मधल्या आडांत सांठवीत, व आसपासचीं घरें त्यावर जगत. १८८४ सालीं नळ आले आणि विहिरींवर झांकणें पडलीं. घरांखालींही असेंच एक न दिसणारें शहाणपण आहे. चिखलांत हजारों लांकडी खुंट ठोकून त्यांवर दगड रचलेले आहेत. चिखलापाण्यांत हवा पोहोंचत नाहीं, म्हणून लांकूड शतकानुशतकें कुजत नाहीं. भरतीचें भय मात्र पूर्वींपासूनचें. १९६६ सालीं ४ नोव्हेंबरला पाणी १९४ सेंटिमीटरपर्यंत चढलें, २०१९ सालीं १८७ पर्यंत. आतां खाजणाच्या तिन्ही मुखांशीं समुद्रतळावर ७८ लोखंडी दारें बसविलीं आहेत. मोठी भरती येणार असें दिसतांच तीं उठून उभीं राहतात. ३ ऑक्टोबर २०२० रोजीं खऱ्या भरतीपुढें तीं प्रथम उभीं राहिलीं व शहर कोरडें राहिलें.

परंतु पाण्याला दार लावतां येतें. बाहेर जाणाऱ्या माणसांना कसें लावावें? १५९१ सालीं पूर्ण झालेल्या रिआल्तोच्या दगडी पुलाजवळ एका औषधांच्या दुकानाच्या खिडकींत एक आंकडा झळकत असतो. २००८ पासून तो तेथें आहे. आम्हांस प्रथम तो एखाद्या औषधाचा भाव वाटला. तो या जुन्या शहरांत राहणाऱ्या माणसांचा आंकडा! १९५१ सालीं येथें सुमारें पावणेदोन लाख लोक होते. २०२२ सालीं ते पन्नास हजारांच्या खालीं आले, आणि २०२३ सालीं प्रवाशांच्या खाटा रहिवाशांपेक्षां अधिक झाल्या. आम्हीं पाहिला तो आंकडा अठ्ठेचाळीस हजारांचा होता. आमच्या दोन खाटाही त्या हिशेबांतल्याच. किल्लीची पेटी आठवली आणि आम्ही मुकाट्यानें पुढें झालों.

तिसऱ्या प्रहरीं संत मार्कच्या चौकांतील कोरेर संग्रहालयांत गेलों. व्हेनिसची जुनी टांकसाळ येथून हांकेवर. आज तेथें ग्रंथालय आहे. टांकसाळीला हे लोक 'झेक्का' म्हणतात, व तीवरून त्या सोन्याच्या नाण्याचें नांव 'झेक्किनो'. आपला 'शिक्का' आणि त्यांचा 'झेक्का' हीं एकाच अरबी शब्दाचीं लेकरें आहेत, हें कळल्यावर त्या इमारतीविषयीं उगाच आपलेपणा वाटला. १२८४ सालीं हें नाणें पाडण्याचें ठरलें. १७९७ सालीं नेपोलियनपुढें राज्य बुडेपर्यंत त्याचें वजन सुमारें साडेतीन ग्रॅम व सोनें जवळजवळ निर्भेळ राहिलें. म्हणूनच अलेक्झांड्रियाच्या बाजारांत मिरीच्या मोबदल्यांत गेलेलें हें नाणें हातोहात आपल्या किनाऱ्यापर्यंत आलें व त्यावरील चित्रामुळें पुतळी झालें.

कांचेपलीकडे ओळीनें मांडलेलीं तीं नाणीं पाहून सौ.ला भरून आलें. तिनें गळ्यांतली पुतळी कांचेजवळ धरली. तेच राम, तेच मारुती! मग आमच्या मनांत आलें, अक्षरेंही ताडून पाहावीं. मोबाइलच्या कॅमेऱ्यानें दोन्ही मोठीं करून पाहिलीं. कांचेतील नाण्यावर दोजेचें व संताचें नांव स्पष्ट. आमच्या पुतळीवर अक्षरांच्या जागीं नुसते उभे दांडे आणि वळसे. त्यांतून कोणत्याही लिपींतला एक शब्द निघेना. या नाण्याचा लौकिक एवढा कीं, आपल्याकडील सोनारांनीं त्याच्या पुष्कळ प्रतिकृति केल्या, हें आम्हीं वाचलें होतें. लॅटिन न येणारा कारागीर अक्षरें चित्रासारखीं उतरवी. आमची पुतळी त्यांतलीच होती. ती या गांवची नव्हतीच.

बाहेर बांकावर आम्ही बराच वेळ बसून राहिलों. मातोश्री शहाऐंशी वर्षांच्या. त्यांना काय सांगावें? सौ.चें म्हणणें, "सांगूं नये. माहेर पाहिलें, येवढेंच म्हणूं." आम्हांस तें पटेना. तीस वर्षांत आम्ही अनेकदां भांडलों असूं, पण भोंवतीं घर असे; कोणी ना कोणी मध्यें पडे. येथें मध्यें पडणारें कोणी नव्हतें. न बोलतांच उठलों.

२१ नोव्हेंबर हा येथील नवसाचा दिवस. १६३० च्या प्लेगांत शहरांतील सुमारें एकतृतीयांश माणसें गेलीं. तेव्हां राज्यानें नवस केला आणि मोठ्या कालव्याच्या मुखाशीं 'सालूते', म्हणजे आरोग्यमातेचें मंदिर बांधिलें. त्याच्या पायांत दहा लाखांहून अधिक खुंट आहेत असें सांगतात. तें १६८७ सालीं पुरें झालें. दर वर्षीं या दिवसापुरता कालव्यावर एक तात्पुरता पूल घालितात व सारें गांव मेणबत्ती घेऊन त्यावरून जातें. आम्हीही त्या रांगेंत शिरलों. कडेवर मुलें, हात धरून चालणारीं आजोबा-आजी, देवळाबाहेर फुगे आणि तळणीच्या गोड पदार्थांचीं दुकानें: जत्राच म्हणाना! आमच्या पणजीनें प्लेगच्या सालीं गांवाबाहेरच्या झोपडींत राहतांना हीच माळ कमरेस बांधली होती, तें आम्हां दोघांनाही एकदमच आठवलें.

तेवढ्यांत कोणी सौ.च्या खांद्यास हात लावला. पलीकडच्या खिडकींतली बाई! तिची नजर पुतळीवर गेली. "झेक्किनो!" ती म्हणाली, आणि तिनें ती बोटांत धरून उलटसुलट पाहिली. सौ.नें त्या अर्थहीन अक्षरांवर बोट ठेवून मान हलविली. बाईनें चष्मा वर करून पाहिलें, ती हंसली, कांहींतरी बोलली. तें आम्हांस कळलें नाहीं. मग पुतळी सौ.च्या गळ्याशीं नीट बसवून तिनें आपल्याजवळच्या दोन मेणबत्त्यांपैकीं एक सौ.च्या हातीं दिली.

परततांना पुलावर सौ. म्हणाली, "सासूबाईंना खरें तेंच सांगूं." आम्हांस विचारावें लागलें नाहीं. या शहराच्या भिंतींवरील एकेक अक्षर जपून ठेवलेलें आहे, आणि आंतलीं माणसें कमी होत आहेत. आमच्या पुतळीचीं अक्षरें कधींच गेलीं. परंतु ती चार पिढ्या कोणाच्या ना कोणाच्या गळ्यांत आहे.

घरीं आल्यावर आम्हीं मातोश्रींना सर्व सांगितलें. त्यांनीं पुतळी तळहातावर घेऊन क्षणभर पाहिली. "म्हणजे ही आपल्याच सोनाराची लेक," त्या म्हणाल्या. "मग बरेंच झालें. इतके दिवस मला वाटे, बिचारी फार लांब दिली." आणि त्यांनीं ती पुन्हां माळेंत ओंवली.

मंदिराविषयीं, पुलांविषयीं त्यांनीं कांहीं विचारलें नाहीं. थोड्या वेळानें मात्र म्हणाल्या, "अरे, त्या समोरच्या बाईला सून-नातवंडें कोणी आहेत कीं नाहींत?"

आम्ही दोघेंही एकमेकांकडे पाहत राहिलों. तें विचारावयाचें राहूनच गेलें होतें.