न चाललेली नोट



तुमच्या घरी एखादी जुनी पेटी आहे का? आमच्या कुडाळच्या घरी आहे. पावसाळ्यात भंगसाळ नदीचे पाणी वाढू लागले, की माझी अम्मी सर्वांत आधी ती पेटी माळ्यावर ठेवते. पेटीत आजोबांची तसबीह आहे, अत्तराची रिकामी कुपी आहे आणि चार घड्या घातलेली दहा रुपयांची एक नोट आहे. आजोबांना आम्ही दादा म्हणत असू.

1960 साली दादा हजला गेले. तेव्हा कोकण रेल्वे नव्हती. मालवणहून बोटीने ते मुंबईला गेले आणि तेथून मोठ्या जहाजाने जेद्दाहला. माझे अब्बा तेव्हा पाच वर्षांचे होते. "येताना तुला चावीची मोटार आणीन," असे दादांनी त्यांना कबूल केले होते.

परत आल्यावर मुंबईच्या बाजारात दादांनी मोटार पसंत केली आणि जवळ उरलेली दहाची नोट दिली. दुकानदाराने ती उलटसुलट पाहिली आणि परत केली. "हाजीसाहेब, ही नोट इथे चालत नाही," तो म्हणाला. बँकेत जायला वेळ नव्हता, कारण मालवणची बोट सुटणार होती. दादा रिकाम्या हाताने घरी आले. अब्बांच्या हातावर ती नोट ठेवून म्हणाले, "बेटा, ही तुझी मोटार. पुढच्या खेपेस बदलून आणू." ती खेप पुन्हा झालीच नाही.

आपल्याच देशाची नोट आपल्याच देशात का चालू नये, असा प्रश्न तुम्हांला पडला असेल. त्याचे उत्तर ऐका. त्या काळी भारताचा रुपया कुवेत, बहारीन, कतार या आखाती मुलखांतही चालत असे. सोन्याची चोरटी आयात करणारे लोक तिकडे रुपये नेत आणि सोने आणत. ते रुपये फिरून आपल्या रिझर्व्ह बँकेकडे येत आणि त्यांच्या बदल्यात बँकेला परकीय चलन द्यावे लागे. म्हणून 1959 साली आखातासाठी निराळ्या नोटा काढण्यात आल्या. हजयात्रेकरूंसाठीही 10 आणि 100 रुपयांच्या खास नोटा छापल्या गेल्या. त्यांचा रंग नेहमीच्या नोटांपेक्षा वेगळा होता आणि क्रमांकाच्या आधी 'एच' व 'ए' ही इंग्रजी अक्षरे होती. या नोटा भारतातील व्यवहारासाठी नव्हत्या. पुढे कुवेतने 1961 साली आणि बहारीनने 1965 साली स्वतःचे चलन सुरू केले. तिकडचा रुपया संपला आणि या नोटा दुर्मीळ झाल्या.

2025 च्या सुरुवातीस वर्तमानपत्रांत एक बातमी आली. लंडनच्या लिलावात 100 रुपयांची एक हज नोट पन्नास लाखांहून अधिक रुपयांना विकली गेली होती! आमच्या घरी त्या रात्री कोणाला झोप लागली नाही. धाकट्या बहिणीला बी.एड.ला प्रवेश मिळाला होता आणि फीची जुळवाजुळव चालली होती. अब्बा शांतपणे म्हणाले, "विकून टाक. पोरीचे शिक्षण होऊ दे."

मी मोबाईलवर शोध घेतला. 'जुन्या नोटा लाखो रुपयांना विकत घेतो' अशी एक जाहिरात दिसली. फोन केला. समोरचा माणूस फार गोड बोलत होता. त्याने रिझर्व्ह बँकेचे नाव सांगितले आणि नोंदणीचे 2100 रुपये मागितले. मी पाठवले. मग त्याने कराचे 6400 मागितले. तेही पाठवले. हे पैसे बहिणीच्या फीसाठी बाजूला ठेवलेले होते. तिसऱ्या वेळी त्याने 15000 मागितले, तेव्हा अब्बा म्हणाले, "अरे, ज्याला आपली वस्तू विकत घ्यायची आहे, तो आपल्याकडेच पैसे का मागतो?"

मुलांनो, मी बी.एड. झालेला शिक्षक. वर्गात नफा-तोटा शिकवतो. पण हा साधा प्रश्न मला सुचला नाही. लोभ माणसाचे डोळे झाकतो, ते असे. मी 1930 या क्रमांकावर तक्रार नोंदवली, परंतु पैसे परत मिळाले नाहीत. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्येच लोकांना सावध केले होते, की आपण असा व्यवहार करत नाही आणि त्यासाठी कसलेही शुल्क घेत नाही.

पुढे सुट्टीत मी मुंबईला एक खरा लिलाव पाहिला. प्रत्येक वस्तूला क्रमांक होता आणि अंदाजे किंमत छापलेली होती. चहाच्या मळ्यांत मजुरांना देत ते बिल्ले होते, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील भोकाचा पैसा होता, पोर्तुगीज अमलातील गोव्याच्या नोटाही होत्या. तेथील एका जाणकाराला मी आमची नोट दाखवली. ते हसून म्हणाले, "नोट खरी आहे. पण दहाच्या नोटेला शंभरच्या नोटेची किंमत येत नाही. शिवाय ही घडीवर फाटली आहे आणि कोणीतरी तिला चिकटपट्टी लावली आहे." मी मान खाली घातली. लहानपणी ती पट्टी मीच लावली होती!

नोट मी परत आणली. बहिणीची फी आम्ही दोन हप्त्यांत भरली. कमी पडलेले 8500 रुपये मी माझ्या पगारातून दिले.

मित्रांनो, तुमच्या घरीही जुनी नाणी असतील. ती चिंचेने घासू नका, नोटांना पट्टी लावू नका. कोणी मोठ्या किमतीचे आमिष दाखवून आधी पैसे मागितले, तर अब्बांचा प्रश्न आठवा. आणि घरातील वडीलधाऱ्यांना विचारा, की ही वस्तू आपल्याकडे आली कशी?

आमची नोट पुन्हा पेटीत आहे. कधी कधी अब्बा ती काढतात, उजेडात धरतात आणि माझ्या मुलाला म्हणतात, "ये, तुला माझी मोटार दाखवतो."