लाकडाचा आकार, लोखंडाचा भरवसा

आमच्या बेळगावच्या उद्यमबागेत ओतशाळांची वस्ती मोठी आहे. भट्टीतून वाहणारा लाल रस पाहून परगावचा पाहुणा थक्क होतो. परंतु त्या रसाला रूप देणारा लाकडी नमुना, ज्याला कारखान्यात ‘पॅटर्न’ म्हणतात, त्याच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वाळूत आपला ठसा उमटवून तो बाजूला होतो आणि पुढे फळीवर धूळ खात पडतो.

निवृत्तीनंतर सुतारकामाचा छंद जडलेल्या माझ्यासारख्याची या पॅटर्नशी गाठ पडली ती पुतण्याच्या जुन्या जीपमुळे. मागच्या कमानपाट्याचे टोक चासीला धरून ठेवणारी ब्रॅकेट तडकली होती आणि बाजारात तशी दुसरी मिळत नव्हती. “काका, तुम्ही लाकडाची हुबेहूब करून द्या, लोखंडाची आपण ओतून घेऊ,” असे तो म्हणाला.

पण पॅटर्न हुबेहूब असून चालतच नाही. ओतलेले लोखंड निवताना मीटरमागे सुमारे १० मिलिमीटर आकसते. म्हणून १५० मिलिमीटरच्या ब्रॅकेटचा पॅटर्न दीड मिलिमीटर अधिक लांब हवा. चासीला टेकणारा भाग पुढे यंत्रावर सपाट करायचा, तेव्हा तेथे आणखी ३ मिलिमीटरची भर. उभ्या बाजूंना एक-दोन अंशांचा उतार. हा उतार कशासाठी, हे गृहिणींना सांगायला नको. पसरट वाटीतून भाताची मूद अलगद सुटते, सरळ भिंतीच्या डब्यातून ती मोडते, वाळूचेही तसेच. मोदकाचा साचा जसा दोन पाकळ्यांचा, तसा माझाही पॅटर्न दोन अर्धुकांचा केला. बुशच्या भोकासाठी वाळूचा गाभा वेगळा घडवून साच्यात बसवतात. त्याला टेकू मिळावा म्हणून पॅटर्नला दोन्ही अंगांनी खुंट्या ठेवल्या. आतले कोपरे लांबी भरून गोलसर केले. शेवटी ओल्या वाळूचा दमटपणा सागवानात शिरू नये म्हणून चपड्या लाखेचे तीन हात दिले. तयार झालेली ती वस्तू मूळ ब्रॅकेटची चुलत बहीण वाटावी अशी होती, जुळी नव्हे.

ओतशाळेतील वृद्ध मिस्त्रींची मातृभाषा कानडी, पण आमच्याशी ते आपुलकीने मराठीत बोलत. पॅटर्नवरून बोट फिरवून त्यांनी पहिला प्रश्न केला, “लोखंड कुठले घालायचे?” पुतण्याला साधे बिडाचे लोखंड स्वस्त पडत होते. मिस्त्रींनी ठाम नकार दिला. बिडात ग्रॅफाइटच्या पातळ पाकळ्या असतात आणि धक्का बसताच त्यांच्याच कडेने चीर धावते. रसात थोडे मॅग्नेशियम मिसळले की त्या पाकळ्यांच्या गोळ्या होतात आणि लोखंडाला चिवटपणा येतो. कीथ मिलिस या अमेरिकन धातुशास्त्रज्ञाने १९४३ साली शोधलेल्या आणि १९४९ साली पेटंट मिळालेल्या या लोखंडाला आपल्याकडे ‘एस. जी.’ म्हणतात. ट्रकच्या पाट्यांच्या ब्रॅकेटही याच लोखंडाच्या ओततात. मात्र मॅग्नेशियम घातल्यावर रस फार वेळ थांबवून चालत नाही. त्याचा परिणाम ओसरत जातो.

चार ब्रॅकेट ओतून झाल्या. वाळू झटकल्यावर त्या इतक्या देखण्या दिसल्या की पुतण्या त्याच संध्याकाळी जीपला एक बसवायला निघाला. मिस्त्रींनी त्यांतली एक करवतीखाली धरली. “चांगली वस्तू कशाला कापता?” पुतण्या कळवळून म्हणाला. “कापलेलीच खरे बोलते,” असे मिस्त्रींचे उत्तर आले. बुशभोवतालच्या जाड भागात ज्वारीच्या दाण्याएवढी पोकळी निघाली. जाड भाग सर्वांत शेवटी थिजतो आणि आकसताना त्याला वरून रसाचा पुरवठा कमी पडला, तर पोटात अशी जागा रिकामी राहते. चारही ब्रॅकेट पुन्हा भट्टीत गेल्या. मिस्त्रींनी त्या भागावरचा रसाचा साठा वाढवला आणि पुन्हा ओतकाम केले. या वेळी कापलेली ब्रॅकेट आतून एकसंध निघाली. त्याच रसातून ओतलेली पट्टी यंत्रावर ताणून तोडून पाहिली आणि उरलेल्या ब्रॅकेटवर रंगद्रव लावून चिरा तपासल्या. त्यानंतरच भोकाला यंत्रावर नेमके माप दिले गेले.

या सर्वांत आठ दिवस अधिक गेले आणि पुतण्या थोडा कुरकुरलाही. परंतु चोर्ला घाटाच्या वळणावर त्या गाडीत त्याची मुलेबाळे बसणार होती, हे त्याला निराळे सांगावे लागले नाही.

वाचकहो, घरी जुने वाहन असेल आणि हाताला लाकडाची सवय असेल, तर पॅटर्न अवश्य करून पाहा. मापात भर कोठे घालावी आणि उतार कोठे द्यावा, हे आठवड्याभरात अंगवळणी पडते. लोखंडाची पारख मात्र जाणत्या ओतशाळेवर सोपवा, आणि एक ब्रॅकेट कापण्यासाठी म्हणून जास्त ओतून घ्या. तिचा खर्च वाया गेला असे कोणी म्हटले, तर म्हणू द्यावे.