दोन्ही नाही

२०२२चा ऑक्टोबर. रात्रीची भांडी आवरत होते, तेवढ्यात लेक लॅपटॉप घेऊन ओट्यापाशी आली. कॉलेजच्या सरकारी मदतीचा अर्ज उघडलेला होता. या अर्जाला इथे सगळे फाफ्सा म्हणतात. नागरिकत्वाच्या प्रश्नाला तीन पर्याय होते: अमेरिकी नागरिक, पात्र परकीय आणि ‘दोन्ही नाही’. तिने तिसऱ्यावर बोट ठेवलं. “आई, मी ही ना?”

सांगलीहून निघालो तेव्हा ती चार वर्षांची होती. नवऱ्याचा नोकरीचा एच-१बी व्हिसा, त्याच्यावर अवलंबून आमचा एच-४. धाकटा इथे, डॅलसच्या उत्तरेला प्लेनोत जन्मला, त्यामुळे तो नागरिक. एका ताटात जेवणारी दोन भावंडं. अर्जात मात्र एक पहिल्या चौकोनात, एक तिसऱ्यात.

तिसऱ्या चौकोनावर खूण केली की केंद्राची मदत बंद. ना अनुदान, ना कर्ज, ना कॅम्पसवरची वर्क-स्टडीची कामं. एच-४ वरच्या मुलाला सुट्टीत आइस्क्रीमच्या दुकानात उभं राहूनही पैसे मिळवता येत नाहीत.

गंमत अशी, की टेक्ससमध्ये त्या वर्षी फाफ्सा, राज्याचा अर्ज किंवा ‘आम्हाला भरायचा नाही’ असं सहीचं पत्र, यांपैकी एक दिल्याशिवाय बारावी पूर्ण होत नव्हती. शाळेतल्या काउन्सेलरबाई प्रेमळ होत्या, पण एच-४ म्हणजे काय ते मलाच त्यांना समजवावं लागलं. त्यांनी ते सहीचं पत्र पुढे केलं. मी सही करणारही होते.

लेकीने थांबवलं. तिची एक मैत्रीण होती, मेक्सिकोतल्या मॉन्तेरेहून लहानपणी आलेली. तिच्याकडे कसलेच कागद नव्हते. ती म्हणाली होती, “टॅस्फा भर. मी भरतेय, तुलाही चालेल.” टॅस्फा म्हणजे टेक्सस राज्याचा स्वतःचा मदतीचा अर्ज. इथल्या शाळेत शिकून बारावी झालेल्या आणि त्याआधी तीन वर्षं राज्यात राहिलेल्या मुलांना, नागरिक नसले तरी, राज्यातल्यांची फी लावायची, असा कायदा देशात सगळ्यात आधी टेक्ससने २००१ मध्ये केला. तो केला कागद नसलेल्या मुलांसाठी. आमच्यासारखे त्याच्या सावलीत उभे राहिलो.

टॅस्फासोबत नोटरीपुढे सही केलेलं एक प्रतिज्ञापत्र लागलं. बँकेत गेलो. लेकीने मोठ्याने वाचलं: पात्र होताक्षणी कायम रहिवासासाठी अर्ज करीन. मला हसूच आलं. त्या रहिवासाच्या, म्हणजे ग्रीन कार्डच्या, रांगेत आमचा नंबर २०१४ पासून लागलेला. नोकरीवर मिळणारी ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १,४०,०००, त्यात कुठल्याही एका देशाला साधारण सात टक्क्यांची मर्यादा. त्या ऑक्टोबरात भारतीयांची ईबी-२ गटातली रांग एप्रिल २०१२ पर्यंत आली होती, डिसेंबरात ती मागे सरकून ऑक्टोबर २०११ वर गेली. आणि लेक एकवीस वर्षांची झाली की आमच्या अर्जातून बहुधा गळणार. नोटरीने शिक्का मारला आणि विचारलं, “काय झालं?” काय सांगणार?

दिवाळीच्या सुमारास खासगी शिष्यवृत्त्यांची शोधाशोध सुरू झाली. लेकीने एक तक्ता केला. ‘नागरिक किंवा ग्रीन कार्ड’ अशी अट दिसली की ती ओळ लाल. आठवड्याभरात तक्त्याला गोवर आल्यासारखं झालं. कमी उत्पन्नाच्या मुलांसाठीची क्वेस्टब्रिज नागरिकत्वावर अडवत नाही, पण तिथे आमचं उत्पन्न जास्त ठरलं. परदेशी मुलांचीही ऐपत न बघता प्रवेश देणारी आणि पूर्ण गरज भागवणारी हार्वर्ड, एमआयटी, ॲमहर्स्टसारखी मोजकी नावं. पण तिथे आधी प्रवेश तर मिळायला हवा. कागद नसलेल्या मुलांसाठीचे काही निधी आहेत, तिथे आमच्याकडे कागद आहेत हीच अडचण.

मग तिने पद्धत बदलली. जिथे नियमात नागरिकत्वाबद्दल काहीच लिहिलेलं नाही, त्या ओळी पिवळ्या केल्या आणि प्रत्येकाला दोन ओळींचं पत्र पाठवलं: ‘मी एच-४ व्हिसावर आहे, अर्ज करू शकते का?’ मी म्हणत होते, कशाला विचारतेस, नाहीच म्हणतील. बऱ्याच जणांनी उत्तरच दिलं नाही. गावातल्या एका क्रेडिट युनियनमधून मात्र एका बाईंचा फोन आला. “आम्हाला हा प्रश्न कधी कुणी विचारलाच नव्हता. नियमात नाही, म्हणजे कर अर्ज.” १,५०० डॉलर मिळाले. पुढे कॉलेजने स्वतःच्या निधीतून थोडे दिले, आणि फी राज्यातल्यांची लागली. तीच खरी मोठी मदत. बाहेरच्यांची फी त्याच्या दुपटीहून जास्त होती.

प्लेनोपासून पावणेदोन तासांवर टायलर नावाचं गाव आहे. तिथल्या शाळांनी कागद नसलेल्या मुलांकडून वर्षाला हजार डॉलर फी मागितली, त्यावरचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९८२ मध्ये निकाल लागला, की सरकारी शाळा अशा मुलांना दार बंद करू शकत नाही. तो निकाल बारावीपर्यंतच. पुढचं दार राज्याने उघडलं, तर उघडतं.

ते बंदही होतं. जून २०२५ मध्ये केंद्र सरकारने टेक्ससच्या त्या कायद्याविरुद्ध दावा लावला, राज्याने विरोध केला नाही, आणि त्याच दिवशी न्यायालयाने कागद नसलेल्यांपुरता तो रद्द केला. लेकीचा व्हिसा कायदेशीर, म्हणून तिची फी तशीच राहिली. जिने टॅस्फाचं नाव पहिल्यांदा सांगितलं, तिच्यापुढे तिसऱ्या वर्षाला बाहेरच्यांची फी उभी राहिली.

त्या उन्हाळ्यात एका रात्री लेक पुन्हा ओट्यापाशी येऊन बसली. तोच जुना तक्ता. फोन स्पीकरवर, पलीकडे मैत्रीण. लेकीने सगळे रंग पुसले आणि पहिल्या ओळीपासून नव्याने वाचायला घेतलं. “थांब,” ती म्हणत होती, “इथे नागरिकत्वाचं काहीच लिहिलेलं नाही. पत्र टाकू.”

मी चहा टाकला. साखर दोघींची घातली, मग लक्षात आलं, दुसरी इथे नाहीये.