कॅमेरा खिशात ठेवताना

व्हॅटिकनच्या संग्रहालयांत बहुतेक दालनांमध्ये फ्लॅश न वापरता फोटो काढायला मुभा आहे. सिस्टिन चॅपेलमध्ये मात्र अजिबात नाही. मायकेलअँजेलोनं १५०८ ते १५१२ या काळात रंगवलेल्या छताखाली माणसं माना वर करून दाटीवाटीनं उभी असतात आणि रखवालदार पुन्हा पुन्हा ओरडतात, ‘नो फोटो! सिलेन्झिओ!’

फ्लॅशमुळे रंग उडतील म्हणून ही बंदी, असा बहुतेकांचा समज असतो. खरं तर तिच्यामागे एक करार आहे. मेणबत्त्यांच्या काजळीनं काळवंडलेली ही भित्तिचित्रं स्वच्छ करण्याचं मोठं काम १९८० मध्ये सुरू झालं. त्याचा खर्च जपानच्या निप्पॉन टेलिव्हिजननं उचलला आणि त्या बदल्यात छायाचित्रणाचे हक्क घेतले. १९९४ पर्यंत छत आणि ‘अंतिम न्याय’ हे भव्य चित्र उजळून निघालं. पुढे हक्कांची मुदतही संपली, बंदी तेवढी राहिली.

ती उठावी असं मला वाटत नाही. पोपची निवड आजही याच खोलीत होते. हे प्रार्थनास्थळ आहे, आणि एवढं कारण मला पुरतं. पण ते दारावर लिहिलेलं असावं. कारण कळलं की माणूस आपणहून हात आवरतो. नुसत्या ओरडण्यानं तो रखवालदाराची पाठ वळण्याची वाट बघतो.

माद्रिदच्या प्रादो संग्रहालयातही दालनांत फोटो काढता येत नाहीत. तिथं वेलाझ्केझच्या ‘लास मेनिनास’समोर उभं राहिल्यावर या बंदीबद्दल मला कृतज्ञता वाटली. लोक चित्राकडे पाठ करून उभे राहत नव्हते. जवळ जात, मागे सरकत, मागच्या आरशातले राजाराणी शोधत. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर रेईना सोफिया हे संग्रहालय आहे. तिथं पिकासोच्या ‘गेर्निका’चे फोटो काढायला वर्षानुवर्षं मनाई होती, २०२३ मध्ये ती उठली. बॉम्बहल्ल्यात होरपळलेल्या गावाच्या त्या चित्रासमोर हसरी सेल्फी काढणारं कुणी दिसलं, तर मला ते सोसणार नाही.

तरी संग्रहालयात प्रश्न चित्राचा असतो. चर्चमध्ये तो माणसाचा होतो. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू बॅसिलिकात सेंट फ्रान्सिस झेवियरच्या समाधीपाशी कुणी बाई डोळे मिटून उभी असते. घरात आजारपण असेल, नवस असेल. ती आपल्या प्रवासवर्णनातली व्यक्तिरेखा व्हायला आलेली नाही. पंढरपूरला आपण विठोबाच्या पायांवर डोकं ठेवलं असताना कुणी परका कॅमेरा रोखून उभा राहिला, तर चालेल आपल्याला?

म्हणून पाटी असो वा नसो, चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे सामुदायिक उपासना, चालू असेल तर मी कॅमेरा बाहेर काढत नाही. वेदीवरचं सोनेरी कोरीवकाम मिस्सा संपल्यावरही तिथंच असतं. परवानगी असेल तर तेव्हा त्याचे फोटो काढावेत, तेही चौकटीत कुणी गुडघे टेकलेलं नाही ना, हे बघून.