गाडीतला कुबट वास

वासांच्या बाबतीत आपली मराठी भाषा मोठी श्रीमंत आहे. जुने तेल खवट होते, ताक फार दिवस राहिले की आंबूस, दूध तळाशी लागले की करपट, भांडे नीट घासले नाही की ओशट. घरातल्या प्रत्येक बिघाडाला आपल्या आजी-पणजींनी वेगळा शब्द दिला आणि त्या शब्दातच त्याचे कारणही सांगून ठेवले. 'कुबट' हा त्यांतलाच एक. जिथे ओल शिरली आणि वारा शिरला नाही, तिथला तो वास. पावसाळ्यानंतर उघडलेली पेटी, अर्धवट वाळलेले घोंगडे, माळ्यावरची पोती यांच्यासाठी पूर्वी वापरला जाणारा हा शब्द आता मोटारीलाही लागू झाला आहे. वातानुकूलनाचे बटण दाबताच गार वाऱ्याच्या पहिल्या झोताबरोबर जो वास अंगावर येतो, त्याला दुसरे नाव नाही.

आमच्या सांबऱ्याकडे तर या वासाला सगळीच अनुकूलता आहे. बेळगावच्या पूर्वेला असलेले हे गाव १९४२ सालापासूनच्या विमानतळामुळे दूरवर माहीत झाले असले, तरी भोवतालचे शिवार शेतीचेच. उन्हाळ्यात मातीची धूळ उडून गाडीच्या सांदीकोपऱ्यांत बसते. जूनपासून पुढचे चार महिने आंबोली आणि चोर्ल्याच्या घाटांवरून येणारे ढग पाठ सोडत नाहीत. घाटातल्याइतका पाऊस आमच्याकडे पडत नाही हे खरे; पण ऊन दिसत नाही, कपडे वाळत नाहीत आणि भिंतींना हात लावला तर गार लागतात. अशा दिवसांत गाडी चिंचेखाली उभी राहते आणि काचा घट्ट बंद असतात.

ही गोष्ट केवळ नाके मुरडण्यापुरती असती, तर तिच्यावर लिहायला मी बसले नसते. आमच्या सासूबाईंना दम्याचा त्रास आहे. दवाखान्यासाठी त्यांना महिन्यातून एकदोनदा बेळगावला न्यावे लागते. मागच्या पावसाळ्यात गाडीत बसल्यावर थोड्याच वेळात त्यांना खोकल्याची उबळ येऊ लागली. "जुन्या घोंगड्यात तोंड खुपसल्यासारखं होतंय बघ," असे त्या म्हणायच्या आणि भर पावसात काच खाली करून बसायच्या. पुढे त्यांनी गाडीत बसण्याचेच टाळायला सुरुवात केली. निपाणीला त्यांच्या भाचीच्या मुलीचे लग्न ठरले, तेव्हा "तुम्ही जाऊन या, मी घरीच बरी," हे त्यांचे शब्द ऐकून घरात सगळेच गप्प झाले. सांबऱ्याहून निपाणी ८०-८५ किलोमीटर. माहेरच्या माणसांना भेटण्याची जिची इतकी हौस, तिने एका वासापायी घरी राहावे हे कुणालाच रुचेना.

शहरातल्या एका गॅरेजात भावजींनी गाडी दाखवली. तिथे गॅस भरून दिला आणि पुढच्या काचेपाशी अत्तराची एक कुपी लावून दिली. दोन दिवस गाडीत मोगरा दरवळला. नंतर मोगरा आणि कुबटपणा दोन्ही एकत्र नांदू लागले आणि सासूबाईंचा खोकला वाढला. दम्याच्या अनेक रुग्णांना उग्र सुगंधही सोसत नाही. शिवाय गॅसचा संबंध थंडाव्याशी आहे, वासाशी नाही. मग तो वास येतो तरी कुठून?

त्यासाठी वातानुकूलनाचा मूळ उद्देश पाहायला हवा. अमेरिकेतील ब्रुकलिन येथील एका छापखान्यात दमट हवेमुळे कागद फुगत असे आणि रंगीत छपाईचे रंग एकमेकांवर नेमके बसत नसत. त्यावर उपाय म्हणून विलिस कॅरिअर या तरुण अभियंत्याने १९०२ साली एक यंत्रणा आखली. आधुनिक वातानुकूलनाचा आरंभ तिच्यापासून मानतात. म्हणजे हे यंत्र जन्माला आले ते माणसाला गारवा देण्यासाठी नव्हे, तर हवेतली ओल काढण्यासाठी! मोटारीत ते आले १९३९-४० च्या सुमारास, पॅकार्ड या अमेरिकन गाडीतून. तेव्हा त्याने डिकीतली बरीच जागा अडवली होती आणि ते बंद करायचे तर इंजिन थांबवून पट्टा काढावा लागे. आपल्याकडच्या जुन्या अँबॅसडर आणि फियाट गाड्यांना पुढच्या दारात एक त्रिकोणी काच असे. ती फिरवली की वारा थेट अंगावर यायचा. धूळ यायची, पण कुबट वास मात्र राहत नसे.

आजच्या गाडीत डॅशबोर्डच्या आत एक कूलिंग कॉइल असते. अॅल्युमिनियमच्या पातळ पात्यांची ही जाळी शून्याच्या थोडी वरपर्यंत थंड होते. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून जसा घाम फुटतो, तसे तिच्यावर हवेतल्या बाष्पाचे पाणी होते आणि ते एका नळीवाटे गाडीखाली ठिबकते. उभ्या गाडीखाली दिसणारे थारोळे ते हेच. आता प्रवास संपतो, आपण किल्ली फिरवून उतरतो; कॉइल मात्र ओलीच राहते. तिच्यावर धूळ, परागकण, कपड्यांचे तंतू चिकटलेले असतात. भोवती अंधार, ऊब आणि कोंडलेली हवा. बुरशीला आणि जीवाणूंना आणखी काय हवे? त्यांचा एक चिकट थर तिथे जमतो आणि दुसऱ्या दिवशी पंखा सुरू करताच त्याचा वास आपल्यापर्यंत पोहोचतो.

गंमत अशी, की पहिल्या पावसाच्या ज्या मृद्गंधाने आपण सुखावतो, त्याच्यामागेही मातीतले सूक्ष्म जीवच असतात. त्या गंधाला 'पेट्रिकोर' हे नाव १९६४ साली बेअर आणि थॉमस या ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी दिले. पण मृद्गंध उघड्या रानावर येतो आणि वाऱ्याबरोबर निघून जातो. गाडीतल्या वासाला जायला वाट नसते. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरांतील ओल आणि बुरशी यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ओल्या, बुरशी लागलेल्या वास्तूत राहणाऱ्यांना श्वसनाच्या तक्रारींचा आणि दम्याचा धोका वाढतो, असे त्यांत नमूद आहे. गाडी म्हणजे तर दाराखिडक्या बंद केलेली लहानशी खोलीच.

आमच्या गाडीचे कोडे शेवटी जवळच्याच एका मिस्त्रींनी उलगडले. त्यांनी आधी नाकाने नव्हे, हाताने तपास केला. चालकाशेजारच्या आसनापुढची चटई उचलली, तर तिच्याखालचा गालिचा पिळण्याइतका ओला! पाणी ठिबकण्याची नळी त्यांनी तारेने मोकळी केली, तेव्हा तिच्यातून मातीचा गोळा पडला. कुंभारीण माशीने तिच्या तोंडाशी घर बांधले होते. पाण्याला बाहेरची वाट बंद झाली, म्हणून ते आत मुरत होते. मग सामानाचा कप्पा काढून त्यामागची हवेची गाळणी बाहेर काढली. ती राखाडी झाली होती आणि तिच्यात चिंचेचा पाला अडकला होता. नवी गाळणी बसवली, कॉइल फेसाळ औषधाने धुतली, गालिचा काढून दोन दिवस पडवीत पंख्याखाली वाळवला. अत्तराच्या कुपीचे काय करायचे, असे भावजींनी विचारले. "लागणारच नाही आता," एवढेच मिस्त्री म्हणाले.

त्यांनी सांगितलेल्या आणि आम्ही वर्षभर पाळलेल्या काही गोष्टी वाचकांनाही उपयोगी पडतील. मुक्कामाचे ठिकाण चारपाच मिनिटांवर आले की वातानुकूलनाचे बटण बंद करावे, पंखा मात्र मोठा ठेवावा आणि बाहेरची हवा आत घ्यावी. तेवढ्यात कॉइलवरचे बरेचसे पाणी वाळते. आतलीच हवा फिरवण्याची सोय धुळीच्या किंवा धुराच्या रस्त्यापुरती वापरावी. गाळणी वर्षातून एकदा, आणि धुळीच्या भागात त्याआधीही, बदलावी. काही लहान गाड्यांना ती नसतेच; तिथे कॉइलकडे अधिक लक्ष हवे. पुढच्या काचेच्या पायथ्याशी साचणारा पालापाचोळा काढत जावा. दमट दिवशी वातानुकूलन सुरू असूनही गाडीखाली पाणी ठिबकत नसेल, तर नळी तुंबल्याची शंका घ्यावी. वास जुना असेल, तर काचा उघड्या ठेवून दहा मिनिटे हीटर आणि पंखा चालवावा. कॉइल धुण्यासाठी घरातले ब्लीच मुळीच वापरू नये. त्याने अॅल्युमिनियम खराब होते आणि त्याची वाफ छातीला घातक असते. कोळशाची पुरचुंडी किंवा खाण्याचा सोडा उरलासुरला वास शोषून घेतो, पण ओल काढल्यानंतरच.

शिवाय प्रत्येक वास कुबट नसतो, हेही ध्यानात ठेवावे. पाकासारखा गोडसर वास येऊन काचेवर चिकट धुके धरत असेल, तर इंजिन थंड ठेवणारे द्रव आत गळत असण्याचा संभव असतो. जळकट वास आला तर गाडी लगेच थांबवावी. आणि शेतावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांत उंदीर घर करतात, हे आपल्याकडच्या कुणाला सांगायला नको.

यांतले काहीच आपल्या माणसांना नवे वाटू नये. निपाणीचा तंबाखूवाला ओलसर माल वखारीत भरत नाही, शेतकरी भात नीट वाळल्याशिवाय कणगीत घालत नाही. पावसाळ्यात बाळाची दुपटी शेगडीवर टोपली उपडी घालून वाळवणाऱ्या बायकांनी त्यांवर नुसते अत्तर कधी शिंपडले नाही. आधी ओल, मग सुवास, हा क्रम त्यांना पक्का ठाऊक होता. यंत्र नवे आले म्हणून तो क्रम बदलत नाही.

निपाणीच्या लग्नाला सासूबाई आल्या. संकेश्वर मागे पडेपर्यंत त्या सुनेशी म्हणजे माझ्याशी आहेराबद्दल बोलत होत्या आणि काच बंद होती.

पावसाळा सरला की खंडेनवमी येते. त्या दिवशी आपण गाडी धुतो, झेंडूचा हार घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. त्याच सकाळी चारही दारे सताड उघडून गाडी तासभर उन्हात उभी करावी, चटया काढून वाळत घालाव्यात आणि सामानाच्या कप्प्यामागची ती गाळणी एकदा बाहेर काढून पाहावी. हार घालण्यापूर्वी तेवढे केलेत, तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा पुढचा प्रवास सुखाचा होईल.