आधी पाणी, मगे हात

पावसाळ्यात दुपार कलली की आंबोलीहून उतरलेल्या गाड्या सावंतवाडीत आमच्या वॉशिंग सेंटरवर यायला लागतात. थार सगळ्यांत जास्त, अधूनमधून जिमनी आणि अजून तग धरून असलेली एखादी जिप्सी. आंबोलीत वर्षाला 7,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यामुळे कच्च्या वाटेने गेलेली गाडी तांबडी होऊनच येते. मालक उतरतो, चिखलाने माखलेल्या दारापाशी उभा राहून फोटो काढून घेतो आणि म्हणतो, ‘‘दादा, जरा पटकन मारून द्या. रात्रीपर्यंत घरी पोचायचंय.’’ रंगाचं नुकसान होतं ते या ‘पटकन’मध्ये. जंगलात त्याच्या निम्मंही होत नाही.

जांभ्याची माती हाताला मऊ लागते आणि तिथेच माणूस फसतो. तिचा रंग लोखंडाच्या ऑक्साइडचा, पण तिच्यात बारीक खर असते. गाडी ओढ्यातून गेली असेल तर वाळूही असते. वाळूतलं क्वार्ट्झ काठिण्याच्या मोह्स मापनात 7 वर बसतं, म्हणजे साध्या पोलादावरही ते ओरखडा काढतं. आता गाडीचा रंग किती? कारखान्यातले सगळे थर मिळून साधारण 100 ते 130 मायक्रॉन. त्यात सगळ्यांत वरचा पारदर्शक थर, ज्याला आम्ही क्लिअर कोट म्हणतो, तो 40-50 मायक्रॉनचा. डोक्याचा केस सुमारे 70 मायक्रॉन जाड असतो. म्हणजे चकाकी सांभाळणारा थर केसापेक्षाही पातळ, आणि त्यावर लोक वाळलेला चिखल फडक्याने घासतात. आमच्याकडे तर नारळाच्या सोडणाने बोनेट घासणारेही होते. त्या गाड्या उन्हात उभ्या केल्या की सूर्याभोवती कोळ्याचं जाळं विणल्यासारखे गोल गोल चरे दिसत.

मी ज्यांच्याकडे हे काम शिकलो ते उस्ताद जुन्या जीपवाल्यांतले. त्यांचा मंत्र एकच होता : ‘‘आधी पाणी मार, मगे हात लाव.’’ पाणीही कुठून मारायचं याला क्रम आहे. चिखलाची गाडी आम्ही खालून सुरू करतो. आधी चाकांच्या वरच्या कमानी, मग चासी, मग सस्पेन्शन. तिथला चिखल उडून बॉडीवर बसतो, म्हणून बॉडी नंतर. प्रेशरची नळी रंगापासून हातभर लांब ठेवायची. रेडिएटरच्या पातळ पात्यांवर, ॲक्सलच्या ब्रीदरवर, रबरी सीलवर आणि टवका उडालेल्या जागी जोराची धार मारायची नाही. टवक्याच्या कडेखाली पाणी घुसलं की शेजारचा रंगही सोलून येतो. घाट उतरून आलेल्या गाडीचे ब्रेक तापलेले असतात, त्यांना थंड व्हायला वेळ द्यायचा. एवढं झालं की सावलीत फोम मारायचा आणि चार-पाच मिनिटं गप्प बसायचं. गिऱ्हाइकाला नेमकी हीच मिनिटं फुकट गेल्यासारखी वाटतात. फोम मात्र तेवढ्यात माती सुटी करून खाली वाहून नेत असतो. तो पुन्हा पाण्याने उतरवला की मग हात. एक बादली शाम्पूची, दुसरी नुसत्या पाण्याची आणि दोन्हींच्या तळाशी जाळी. हातमोजा दर वेळी आधी साध्या पाण्यात पिळायचा, मगच शाम्पूत बुडवायचा. छतापासून खाली येत जायचं. दाराचा खालचा पट्टा अगदी शेवटी, कारण खर तिथेच जास्त.

कपडे धुण्याची पावडर वापरू नका हे मी सांगतो तेव्हा लोक मान हलवतात आणि घरी जाऊन तीच वापरतात. ती अल्कलीधर्मी असते, रंगावरचं मेण ओढून काढते. दसऱ्यानंतर आमच्याकडे याचा एक गमतीदार पुरावा येतो. पूजेत बोनेटवर हळदीचं स्वस्तिक काढलेलं असतं, दुसऱ्या दिवशी कोणीतरी ते पावडरच्या पाण्याने पुसायला जातो आणि हळद लालभडक होते. अल्कलीत हळद लाल होते, चुन्यात मिसळून तिचं कुंकू करतात ते याच गुणावर. घाबरायचं कारण नाही. साध्या शाम्पूने धुवायचं, उरलेला पिवळेपणा ऊन खाऊन टाकतं. झेंडूच्या माळेची तार मात्र बोनेटवर बांधू नका. तिचा चरा ऊन खात नाही.

चऱ्यांची परीक्षा सोपी आहे. करवंदीच्या जाळीतून गाडी काढली की दोन्ही बाजूंना रेघा उठतात आणि मालकाचा चेहरा उतरतो. रेघेवर पाणी टाका. ओली असताना दिसेनाशी झाली, तर ती बहुधा क्लिअर कोटमध्येच आहे. मग नख आडवं फिरवा. नख अडकलं तर पॉलिशने काम होणार नाही, रंगाऱ्याकडे जा. पॉलिश म्हणजे तरी काय, वरचा थर थोडा थोडा खरवडून सपाट करणं. दर वर्षी ‘जरा चमकवून द्या’ म्हणणाऱ्याला मी म्हणूनच परत पाठवतो. धंदा बुडतो, पण थर उरतो.

संरक्षणाच्या बाजारात भूलथापा फार. कार्नोबा मेण ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं, सुंदर झळाळी देतं, पण कोकणच्या पावसात काही आठवड्यांत उतरतं. सीलंट काही महिने टिकतं. सिरॅमिक कोटिंग त्याहून जास्त टिकतं, माती त्याला कमी धरते आणि धुणं सोपं होतं. यासाठी ते जरूर करा. विक्रेते ‘9एच काठिण्य’ असं सांगतात ते मात्र पेन्सिलीच्या शिशाचं माप आहे, हिऱ्याशी त्याचा संबंध नाही. दगड किंवा काटा सिरॅमिकने अडत नाही. तो अडवायचा असेल तर पीपीएफ, म्हणजे पॉलियुरेथेनची 150-200 मायक्रॉनची पारदर्शक फिल्म. ती महाग असते. जंगलात जाणाऱ्याने ती सगळ्या गाडीला न लावता दारं, फेंडर आणि चाकांमागच्या पट्ट्याला लावावी, असं माझं मत.

पण रंगाची एवढी काळजी करणारा माणूस गाडीखाली वाकून बघत नाही, याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं. चासीच्या पोकळ पट्ट्यांत चिखल बसतो, पाणी जायची भोकं बुजतात आणि ओल महिनोन्‌महिने आत राहते. शिरोडा-वेंगुर्ल्याच्या वाळूतून आलेल्या गाडीत ओलीबरोबर मीठही असतं, मग गंज वेगाने धावतो. (किनाऱ्यावर गाडी घालूच नये. गोव्यात त्याबद्दल गुन्हेही दाखल होतात.) आम्ही तारेने एकेक भोक मोकळं करतो आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत आतून धुतो. पूर्वी स्प्रिंगचे पाटे गंजू नयेत म्हणून त्यांना जळकं ऑइल फासत. त्याने रबरी बुश फुगतात आणि ते ऑइल शेवटी कुणाच्या तरी विहिरीत उतरतं. अंडरबॉडी कोटिंग चांगलं, पण ओल्या चिखलावर मारलं तर गंज आत कोंडून ठेवल्यासारखं होतं. ते मे महिन्यात, गाडी खालून पूर्ण वाळल्यावर करून घ्यावं.

तेव्हा घाट उतरून आमच्याकडे थांबाल, तर तास-दीड तास हातात ठेवून थांबा. घाई असेल तर मी बॉडीला हात लावणार नाही, फक्त खालून आणि वरून पाणी मारून देईन. तेवढ्यावर घरापर्यंत जायला हरकत नाही. वाटेत कुणाला फडकं मात्र मारू देऊ नका.