आजीची ढोली

आमच्या आजीला आपले वय ठाऊक नव्हते. मानमोडीच्या साथीनंतर जो पावसाळा आला त्यात आपण जन्मलो, एवढेच ती सांगे. ती साथ १९१८ सालची. त्या हिशेबाने तिचा जन्म १९१९ चा धरावयास हरकत नाही. अर्जुनी मोरगाव तालुक्यातील ज्या घरी चौदाव्या वर्षी ती सून म्हणून बैलगाडीतून उतरली, ते घर तिने पुढे ऐंशी वर्षे सोडले नाही. घर मात्र आधी मध्यप्रांतात होते, मग मध्यप्रदेशात. १९५६ साली ते मुंबई राज्यात आले, १९६० साली महाराष्ट्रात, आणि १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून निघून गोंदिया जिल्ह्यात दाखल झाले. आजीला या घडामोडींचे फारसे अप्रूप नसे. ती म्हणे, "तलाव तोच, बांधी तेच."

आमचा मुलूख तलावांचा आणि धानाचा. कोहळी लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या खपून बांधलेल्या तलावांच्या पाण्यावर येथील बांध्या पिकत आल्या. पहिल्या पावसात पऱ्हे टाकावयाचे, आषाढ-श्रावणात गुडघाभर चिखलात वाकून रोवणी करावयाची, आणि दिवाळीच्या मागेपुढे विळा हाती घ्यावयाचा, हा येथील स्त्रियांचा वार्षिक क्रम. आजीने तो साठांहून अधिक वर्षे पाळला. सातबाऱ्यावर नाव आजोबांचे होते. परंतु कोणत्या बांधीत पाणी किती थांबते आणि कोणत्या धुऱ्याला खेकडे भोके पाडतात, हे आजोबा तिलाच विचारीत.

तिचे खरे राज्य बियाण्यावर चाले. कापणीपूर्वी ती उभ्या पिकातून एकटी हिंडे व टपोऱ्या, निरोगी लोंब्या हाताने खुडून वेगळ्या करी. मोठेपणी वाकणे जमेना, तेव्हा तिने आम्हां नातवंडांना टोपल्या देऊन बरोबर नेले. भेसळीची लोंबी कशी ओळखावी हे आम्ही शाळेत नव्हे, तिच्या मागे चालत शिकलो. ते धान कडक उन्हात वाळवून, त्यात कडुनिंबाचा पाला घालून, ती ढोलीत भरी आणि ढोलीचे तोंड शेणामातीने लिंपून टाकी. एकदा लिंपले की ते मृगापर्यंत उघडावयाचे नाही, असा घरचा कायदा होता.

या कायद्याची कसोटी आमच्या वडिलांच्या लहानपणी लागली. एका वर्षी रोवणी झाली आणि पाऊस नाहीसा झाला. तलावाचा तळ दिसू लागला, धान उभ्यानेच वाळले. बियाण्यापुरते मूठ-मूठ वेचून आजीने ढोली भरली. खावयास जे उरले ते फाल्गुनातच संपले. घरात पाच लेकरे. भल्या पहाटे आजी रानात जाई व मोहफुले वेचून आणी. पुढे तेंदूपत्ता तोडावयास जाऊ लागली. त्या पैशांत कण्या मिळत, त्यांची पातळ पेज होई. सर्वांत धाकटी आत्या भातासाठी रडे. शेजारच्या बायका म्हणाल्या, "घरात धान असून लेकराला उपाशी का ठेवतेस? ढोली फोड." वडील सांगत, की आजी त्या रात्री ढोलीला पाठ टेकून बसली, आत्येला मांडीवर घेऊन उकडलेला मोह भरवू लागली आणि स्वतःही रडली, पण ढोली तिने फोडली नाही. "बिजाले हात लावू नका, ते पुढच्या सालाचं पोट आहे," एवढेच ती बोलली.

पुढच्या वर्षी मृग बरसला. ज्या दोन घरांनी नाइलाजाने आपले बियाणे कांडून खाल्ले होते, त्यांनाही आजीने त्या ढोलीतून पऱ्ह्यांपुरते धान मोजून दिले. तेव्हा तिने कोणाला मागचा शब्द ऐकविला नाही.

पुढे आय. आर. ८ सारखे नवे वाण आले. १९६६ साली प्रसृत झालेल्या त्या वाणाने देशात धानाचे उत्पन्न वाढविले, आणि आमच्या वडिलांनीही नवे बियाणे आनंदाने लावले. आजीने विरोध केला नाही. फक्त एक बांधी लुचई धानासाठी व एक लहानसा तुकडा सुवासिक चिन्नोरसाठी मागून घेतला. ते चिन्नोर आम्हां नातवंडांचे. परीक्षेला निघताना त्याचा भात, ताप उतरल्यावर त्याचीच पेज. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन आम्ही दारोदार हिंडत असू. त्या दिवशी पहिला बोजारा तिच्या पदराच्या गाठीतून निघे. ताटे वाढताना मात्र तिचा क्रम ठरलेला असे : आधी पाहुणा, मग लेकरे, मग गडी, आणि जे उरेल ते तिचे.

खानदेशातील आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी याही शेतकऱ्याघरच्या, निरक्षर स्त्री. त्यांच्या मुखची गाणी सोपानदेवांसारख्या मुलाने जपली, म्हणून १९५१ साली त्या गेल्यावर पुढच्याच वर्षी ती पुस्तकरूपाने महाराष्ट्राच्या हाती आली. आमच्या आजीने गाणी रचली नाहीत. तिने जे रचून ठेवले ते अक्षरांत नव्हते, दाण्यांत होते. आणि असे धन आपल्या जिल्ह्यातील किती घरांत असेल! विद्यार्थिमित्रहो, ज्यांच्या घरी अशी आजी आज आहे, त्यांनी सुटीत तिच्याजवळ बसावे व तिला शेताचे विचारावे. ती स्वतःचे काही सांगणार नाही. पण शेताचे विचारले म्हणजे तिचे सारे आयुष्य आपोआप बाहेर येईल.

२०१४ च्या मार्गशीर्षात आजी निवर्तली. कापणी आटोपली होती. दिवसकार्य झाल्यावर घरातील माणसे ढोलीकडे गेली, तो तोंड लिंपलेले होते आणि माती सुकली होती. मृगात आम्ही ते फोडले. लुचई एकीकडे, चिन्नोर एका लहान मडक्यात, अशी तिने नेहमीप्रमाणे निराळी व्यवस्था केली होती. आम्ही तेच पेरले, आणि त्या वर्षीच्या पिकातून टोपल्या घेऊन लोंब्या खुडावयास आमची मुले गेली.